शिंपीकाकांच्या पाटीवरची रेघ

४ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. शिंपीकाका, तुम्हालाही. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यापासून माझी पत्रं तुम्हीच त्यांना वाचून दाखवता, तेव्हा नमस्काराचा अर्धा वाटा तुमचा. मध्येच थांबून तुम्ही "पुढे वाचू का?" असं विचारता आणि बाबा नुसतं "हं" म्हणतात, हेही मला कळलंय. ते "हं" म्हणतात तोवर मी लिहीत राहणार. फोनवर माझा आवाज ऐकला की ते फोन आपटतात आणि वस्तीत पाऊल टाकायला मला कचेरीने बंदी केली आहे. राहिलं पत्र. ते बसच्या ड्रायव्हरमामांच्या हाती देते.

कामाचं आधी सांगते. परवापासून वस्तीतल्या भिंतींवरच्या माझ्या लाल रेघा पांढऱ्या रंगाखाली जाणार. कचेरीचा हुकूम आहे आणि मी त्यावर सही केली आहे. वीज कारखाना विकत घ्यायला परदेशातून कोणी पाहुणे येताहेत, त्यांच्या नजरेस त्या पडायला नकोत. तुमच्या हाताखाली शिकलेला लंबू त्याची माणसं घेऊन येईल. त्याला त्याचं काम करू द्या. बादली, ब्रश, रंग सगळं त्याचं त्याच्याजवळ आहे. तुम्ही मध्ये पडू नका, एवढंच मागणं आहे.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतंय. "पुसायचीच होती तर माझ्या अक्षरांवरून कशाला ओढलीस?"

बाबा, त्यावर आपलं भांडण होऊन गेलंय, तरी पुन्हा सांगते. तुम्ही ऐकलं नाहीत तरी काका ऐकतील. टेकडीवर राखेचं तळं आहे. कारखान्याची सगळी राख पाण्यातून येऊन तिथे साठते. बांध फुटला तर तो चिखल वस्तीत कुठवर चढेल त्याची ती रेघ, आणि जवळचे बाण वरच्या शाळेकडे पळायच्या वाटेचे. आपली गल्ली उतरत जाते, रेघ उतरत नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी ती गुडघ्याला लागते, काकांच्या दुकानावर दाराच्या वर जाते आणि आपल्या घराशी शिडी लावावी लागते. काकांच्या दारावर तुमची पाटी होती: "येथे कपडे वेळेवर मिळतील." सगळ्या गावात तुम्ही रंगवलेलं ते एकच खोटं वाक्य, पण अक्षरं अशी की लोक थांबून बघायचे. रेघ नेमकी "वेळेवर"च्या पोटातून गेली. तुम्ही म्हणालात, एवढी जागा सोड. मी म्हणाले, नाही सोडणार. जिथे रेघ तुटते तिथे माणसं समजतात की इथे धोका नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आईच्या आजारपणात दवाखान्यात तुम्ही दोघं त्या पिवळ्या रेघेवरून चालत होतात. गेटपासून खाटेपर्यंत कोणाला काही विचारावं लागू नये म्हणून फरशीवर ती मीच आखली होती. माझं पहिलं मोठं काम. कोणीतरी तिच्यावर कपाट आणून ठेवलं आणि तुम्ही दोघं त्या कपाटासमोर उभे राहिलात, आईला धाप लागली तरी तिथेच. नंतर तुम्ही मला म्हणालात, "मला वाटलं आपली जागा हीच." आठवतंय ना?

साबणाच्या वेष्टनांची चित्रं काढत होते तेव्हा तुम्ही माझी डिझाइनं शेजाऱ्यांना दाखवायचात. ती नोकरी सोडून दवाखान्यांच्या, विहिरींच्या, रस्त्यांच्या खुणा करायला लागले तर म्हणालात, रेघा काय, कोणीही मारतं. बरोबर आहे. पण विषारी पाण्याच्या एका विहिरीवर सरकारी माणसांनी लाल फुली काढली होती, आणि लोक दवाखाना समजून आजारी पोरं घेऊन तिथे रांग लावून उभे होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून मला प्रत्येक खुणेची भीती वाटते, स्वतःच्या खुणेची सर्वांत जास्त.

तर लंबूला त्याचं काम करू द्या. आणि जमलं तर महिनाभर माझ्याकडे राहायला या. बोलू नका हवं तर, नुसते येऊन राहा.

तुमची मुलगी

११ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. काका, तुमचा गुडघा कसा आहे? मशीनला मोटर बसवून घ्या म्हणून किती वेळा सांगितलं.

लंबू येऊन गेला. बाकी तीन गल्ल्या पांढऱ्या झाल्या म्हणाला. आपल्या गल्लीचं विचारलं तर डोकं खाजवायला लागला. लंबू साडेसहा फुटी माणूस, पण तुमच्यासमोर त्याचा अजूनही शिकाऊ पोर होतो. खूप खोदून विचारल्यावर सांगितलं. तुम्ही काठी टेकत बाहेर आलात, ओल्या भिंतीवर हात फिरवलात, तळवा पांढरा झाला, आणि मग गल्लीने काय ऐकलं ते त्याने सगळं नाही सांगितलं. "हा रंग आहे की थट्टा? माझ्या गल्लीत असलं काम?" एवढं सांगितलं. मग तुम्ही त्याची बादली गटारात उपडी केलीत, त्याला घालवून दिलंत आणि पुढचं स्वतः केलंत.

बाबा, सहजच विचारते. स्वतः केलंत म्हणजे कुठला रंग घेतलात? घरातल्या पत्र्याच्या डब्यांतला? एकच हात दिलात की दोन? गल्लीच्या तोंडापासून आपल्या घरापर्यंत सगळीकडे? काका, एवढं दोन ओळींत लिहून ड्रायव्हरमामांकडे द्या. मला कामाच्या हिशोबाला लागतंय.

इकडे माझं ठीक आहे. म्हणजे, कचेरीत पुन्हा एकदा जाऊन आले. साहेब चांगले बोलतात. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, बांध मजबूत आहे. तो कधी फुटायचा तेव्हा फुटेल, पण तुमच्या रेघा बघून लोकांची छाती आजच फुटतेय. घरांना भाडेकरू मिळेनात. भीती पसरवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?" मी म्हणाले, माहीत आहे. तोंडी बंदी होती ती आता लेखी हवी, म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला. वस्तीत जाणार नाही, कोणाला भडकवणार नाही, रेघा पुन्हा उघड करणार नाही. मी प्रत्येक ओळ दोनदा वाचून सही केली, तर ते म्हणाले, सावकाश, घाई नाही.

समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर हल्ली एक माणूस बसलेला असतो. दुरुस्तीला सायकल घेऊन येतो आणि ती कधीच दुरुस्त होत नाही. मी खिडकीत आले की तो घंटी वाजवून बघतो. कदाचित त्याची खरंच सायकल बिघडली असेल. मी आता खिडकीत जात नाही.

रंगाचं तेवढं कळवा.

तुमची मुलगी

१९ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा,

काका, तुमची चिठ्ठी मिळाली. "बाबा म्हणतात, पोरीला सांग, तिच्या माणसांना रंग मारता येत नाही. मी तेलाचा पक्का रंग मारलाय, दोन हात. दहा वर्षं हलणार नाही. दुकानाची पाटीही नव्याने लिहून दिली. डोळे गेले तरी हात गेला नाही म्हणावं."

चिठ्ठी मी तीनदा वाचली. तुम्हाला वाटेल, पाटी पुन्हा लिहिली म्हणून राग आला. नाही आला. ज्या माणसाला ताटातला घास नीट दिसत नाही त्याने ती अक्षरं नुसत्या हाताच्या सवयीने लिहिली, हे ऐकून मला तुमचा अभिमानच वाटला.

बाबा, तो रंग खरवडून काढता येईल का? नुसत्या लोखंडी पट्टीने? का काढायचा ते मला लिहिता येत नाही. काकांच्या दुकानात ही पत्रं मोठ्याने वाचली जातात, बटण लावून घ्यायला कचेरीचा शिपाईही येऊन बसतो. काका, तो आत्ता बसला असेल तर त्याला माझाही नमस्कार सांगा. मी इकडे नियमाने वागते आहे, असंही सांगा.

शिपाईदादा, इथून पुढे घरगुती आहे.

बाबा, तुम्ही माझ्याकडे या. आपण डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ. काकांनाही आणा, गुडघा दाखवू. इस्त्रीवाल्या मावशी आहेत, त्यांनाही म्हणावं, चार दिवस मुलीकडे जाऊन या. सगळ्यांनाच म्हणावं. हवाबदल होईल.

मला झोप लागत नाही. माझी इंजिनिअर मैत्रीण, ती बांधाच्या कामावर होती आणि भांडून बाहेर पडली, परवा येऊन गेली. ती काय म्हणाली ते घरगुती नाही, म्हणून लिहीत नाही. फक्त एवढं की आभाळाकडे बघत राहा. या दिवसांत पाऊस येत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी बघत राहा.

तुमची मुलगी

२३ ऑक्टोबर, सकाळ

बाबा,

काका, आधी दुकानाचं दार लावा. कोणी असेल तर बाहेर काढा, कपडे उद्या मिळतील म्हणा, त्यांना सवय आहे. हे पत्र मोठ्याने वाचू नका. बाबांच्या कानाशी वाचा.

कालपासून इथे पाऊस आहे. तिथेही असणार, वस्तीत कोणाचाच फोन लागत नाही. म्हणून आता लपवत नाही. यात लंबूची मान अडकते आणि माझीही, पण दुसरा रस्ता उरलेला नाही.

लंबूच्या बादलीत रंग नव्हताच. खडूची पूड आणि पाणी, बस. त्याला मीच सांगितलं होतं. चिकटायला काही घालू नकोस. दिसायला पांढरं दिसेल, पाहुणे येऊन बघून जातील, साहेबांचं समाधान होईल. आणि ज्या दिवशी जोराचा पाऊस येईल त्या दिवशी ते सगळं धुऊन जाईल आणि खालची लाल रेघ वर येईल. बांधाला धोका पावसातच आहे, बाबा. ज्या दिवशी रेघ लागेल त्याच दिवशी ती दिसेल, असं मी ठरवलं होतं. एवढ्या वर्षांत मी केलेलं सर्वांत हुशारीचं काम, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं. तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगणं म्हणजे काकांना सांगणं, आणि काकांना सांगणं म्हणजे वस्तीला. काका, रागावू नका, तुम्हालाही हे माहीत आहे.

तुम्ही हात फिरवून बघाल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. यायला हवं होतं. लहानपणी मी रंगवलेल्या फळीवर तुम्ही असाच हात फिरवायचात आणि तळवा माझ्यासमोर धरायचात. कच्चं काम तुम्ही कधी खपवून घेतलं नाहीत. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे, सरकारी काम आहे.

आता नीट ऐका. आत्तापर्यंत वरच्या तिन्ही गल्ल्यांत रेघ उघडी पडली असेल. तिथली माणसं घाबरतील, बाण बघतील, शाळेकडे निघतील. आपल्या गल्लीत मात्र पांढरी भिंत आहे. आपली माणसं काय म्हणतील? "त्यांच्याकडे आली, आपल्याकडे नाही. आपली गल्ली सुटली." सगळ्यांत खालची गल्ली, बाबा. चिखल जिथे येऊन साठणार आणि माणसाच्या डोक्याच्या वर जाणार ती गल्ली, आणि तिथे लोक दारात उभे राहून दुसऱ्यांची गंमत बघतील.

मैत्रीण म्हणाली, बांधाच्या पायथ्याशी ओल फुटली आहे आणि ती रोज वाढते आहे. तिने तीन ठिकाणी कळवलं. उत्तर आलं की अफवा पसरवू नका.

कृपा करून निघा. बरोबर जेवढे येतील तेवढ्यांना घेऊन निघा. कोणी ऐकलं नाही तर भिंतीवर काहीतरी काढा. लाल नसला तर काळा, रंग नसला तर डांबर. मला हाताने दाखवता आलं असतं तर मी आले असते. आता कागदबिगद काही मानणार नाही, मी निघतेच आहे, पण हे पत्र माझ्या आधी पोचेल. ड्रायव्हरमामा दार उघडं ठेवून थांबले आहेत, दुसऱ्या बसने मी मागोमाग येते.

मला फार भीती वाटते, बाबा.

२३ ऑक्टोबर, दुपार, बसस्टँड

बाबा,

हे कोणाच्या हाती देऊ ते मला माहीत नाही. माझी बस निघालीच नाही. रस्त्यावर पाणी आहे म्हणतात. सकाळची बस गेली ती पोचली की नाही, हे खिडकीतला माणूस सांगू शकत नाही. तो मला "बाई, बसा" एवढंच म्हणतो. तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहिते आहे, कारण हाताला काहीतरी काम नसेल तर मी इथेच ओरडायला लागेन.

डोळे मिटले की एकच दिसतं. तुम्ही ओट्यावर बसलेले, शेजारी काका, दोघांच्या मागे ती कोरी पांढरी भिंत. इतकी सुंदर रंगवलेली, की तिच्यावर कोणी शंका घेणार नाही. माझा कच्चा रंग असता तर तुम्ही वाचला असतात.

लंबू आला. त्याची मोटरसायकल आहे. जातो आहोत.

२७ ऑक्टोबर, दवाखाना

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. पुढे सवयीने "शिंपीकाका, तुम्हालाही" असं लिहिलं आणि खोडलं.

हे पत्र मीच वाचून दाखवते आहे. तुमच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे, राखेने आतून सोलून निघालेत. डॉक्टर उद्या पट्टी काढतो म्हणतात, दिसेल की नाही ते सांगत नाहीत. चार दिवस तुम्ही कोणाशी बोललेला नाहीत. नर्सशीही नाही. मी तोंडाने बोलायला लागले तर तुम्ही मान भिंतीकडे वळवता, म्हणून लिहून आणलं. पत्र तुम्ही नेहमी ऐकून घेता.

दवाखाना तोच आहे, आईचा. ते कपाट आता तिथे नाही. पिवळी रेघ धरून मी सरळ तुमच्या खाटेपाशी आले.

लंबू आणि मी पोचलो तोवर सगळं होऊन गेलं होतं; त्या दिवशीचं मला इस्त्रीवाल्या मावशींनी सांगितलं. पत्र दुपारच्या आत पोचलं होतं. काकांनी दार लावलं, तुमच्या कानाशी वाचलं. तुम्ही "हं" म्हणाला नाहीत. मग काकांनी दार सताड उघडलं, कापड कापायच्या टेबलावर चढले आणि माझं सगळं पत्र मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. नको म्हटलं होतं तेच केलं. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "काका, लग्नाचा सदरा द्यायची तारीख तरी खरी सांगता का?" आपली गल्ली सुटली, असंच चाललं होतं तिथे. शिपाईसुद्धा तिथे उभा होता, तोही हसला.

तेव्हा तुम्ही घरात जाऊन डांबराचा डबा आणलात.

मावशी म्हणतात, तुम्ही पहिला हात पाटीवरच मारलात. रेघ कुठून गेली होती ते बाकी कोणाला आठवत नव्हतं, तुम्हाला बोटाने चाचपून कळलं. "वेळेवर"च्या पोटातून. वर्षभर ज्या जागेवरून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत तीच जागा. काका खालून ओरडत होते, "अजून थोडं वर, हां, इथे." आणि तुम्ही पावसात भिजलेल्या त्या नव्या अक्षरांवरून डांबराचा ब्रश ओढलात, आरपार.

हसणं तिथे थांबलं. मावशी म्हणतात, "त्या पाटीपायी ज्याने पोटच्या पोरीला तोडलं, तोच तिच्यावर डांबर फिरवतोय म्हटल्यावर आम्हाला पटलं, हे खरं आहे. म्हटलं, उठा गं." माझ्या पत्राने कोणी उठलं नाही, बाबा. तुमच्या हाताने उठले.

तरी खालच्या टोकाची घरं आपल्या दारापर्यंत रेघ आल्याशिवाय हलेनात. तेव्हा तुम्ही दोघं खाली निघालात. पाण्याच्या नळीने पातळी घ्यायची, दोरी ताणायची, दोरीच्या वरून ब्रश. दोरीचं दुसरं टोक काकांकडे. दिसायचं त्यांना, ओढायचात तुम्ही. एकेक दार येत गेलं तशी माणसं पोरं उचलून निघत गेली. शिपाईसुद्धा एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन गेला. आपल्या घराच्या आधीचं शेवटचं घर रिकामं झालं तेव्हा काका म्हणाले, "बास आता, चला वर." हे मावशींनी आपल्या घराशेजारून शाळेकडे चढणाऱ्या पायऱ्यांवरून ऐकलं. तुम्ही काय म्हणालात तेही ऐकलं.

"माझंच घर सोडलं तर ती म्हणेल, रेघ तुटली."

ते वाक्य माझं आहे. ते मी तुम्हाला कितीतरी वेळा, आवाज चढवून, ऐकवलंय. तुमचं घर रिकामं होतं. तिथे रेघेची गरज कोणालाच नव्हती. तुम्ही ती माझ्यासाठी ओढत होतात आणि काका तुमच्यासाठी शिडी धरून उभे होते. मग वरून बांध फुटल्याचा आवाज आला. त्यांनी तुम्हाला शिडीवरून ओढून पायऱ्यांवर ढकललं, आणि त्यांच्या गुडघ्याला पायऱ्या झेपल्या नाहीत.

तुम्ही का बोलत नाही ते मला कळतं. मीही हे चार दिवस कोणाला सांगितलेलं नाही. आपल्या दोघांपुरतं ते असंच राहील, हलकं होणार नाही. पण तुम्ही एकटे ते घेऊन भिंतीकडे तोंड करून पडू नका. त्यातलं अर्धं माझं आहे.

काल मला कोणी अडवलं नाही. साहेब गाडीत काचा वर करून बसले होते. मी गल्लीत उतरले. चिखल आता बसलाय, करडा, गुळगुळीत. तुम्हाला दिसणार नाही म्हणून सांगते, तुमची रेघ कशी आली आहे. गल्लीच्या तोंडाशी, पाटीच्या वरच्या बाजूला, तुम्ही पोचलाच नाहीत, तिथे काही नाही. तिथले लोक खालच्यांना बघून निघाले. पाटीपासून पुढे ती सरळ आहे. मी नळी लावून पाहिली, तुमची शपथ. मावशींच्या दारापाशी ब्रश कोरडा पडला होता, तिथे जरा फाटली आहे. चिखल तिच्याखाली बोटभर थांबला आहे, सगळीकडे. "वेळेवर" अर्धं बुडालंय. गल्लीत कोणाचं माणूस गेलं नाही, काका सोडून.

आपल्या घरावर ती खिडकीच्या वरपर्यंत आली आहे आणि तिथे संपते. शेवटी ब्रश खाली ओढला गेल्याची खूण आहे. खोटं सांगणार नाही. पुरी झालेली नाही.

ती पुरी करायची आहे. कचेरी काय म्हणेल ते म्हणू दे, मला आता त्यांची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती उद्याची, तुमच्या पट्टीची, आणि तुम्ही मान वळवाल याची. उद्या दिसलं तर ब्रश तुम्ही धरा. नाही दिसलं तरी तुम्हीच धरा, काका सांगायचे तसं मी सांगेन, थोडं वर, थोडं खाली. दोरीचं दुसरं टोक लहानपणी माझ्याच हातात असायचं.

हे एक पान झालं. दुसऱ्या पानावर मी काकांबद्दल लिहिलंय, ते शेवटी कुठे सापडले आणि त्यांच्या हातात काय होतं. ते तुम्हाला ऐकायचं आहे की नाही, मला माहीत नाही. ते असते तर त्यांनी इथे थांबून चष्मा वर केला असता. मीही थांबते आहे.

बाबा, पुढे वाचू का?